आमची वाटचाल : चेंडूच्या शिवणीपासून स्वाक्षरीच्या पारखीपर्यंत

वणीच्या बाजारपेठेत वडिलांनी खेळाच्या साहित्याचे दुकान काढले, तेव्हा घर विक्रीपेक्षा दुरुस्तीवर चालत असे. आसपासच्या कोळसा खाणींच्या वसाहतींत फुटबॉलचे संघ होते आणि त्यांचे उसवलेले चेंडू आमच्याकडे येत. ब्लॅडर बदलणे, व्हॉल्व्ह बसवणे, मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घालणे ही कामे मी वडिलांच्या हाताखाली शिकलो. पुढे ढाली, चषक आणि सन्मानपत्रांच्या फ्रेमांचे काम आले. आज मात्र स्वाक्षरी असलेल्या चेंडूंची पारख आणि मूल्यांकन हा आमच्या व्यवसायाचा मला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग वाटतो.

त्याची सुरुवात खाणीच्या संघातून निवृत्त झालेल्या एका खेळाडूंमुळे झाली. जकार्ता येथील १९६२च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातील चुनी गोस्वामी आणि पी. के. बॅनर्जी यांच्या स्वाक्षऱ्या असलेला चेंडू त्यांनी जपून ठेवला होता. घरातल्याच कोणीतरी तो खोटा ठरवला होता, कारण चेंडू कृत्रिम चामड्याचा होता आणि १९६२ मध्ये आपल्याकडे अस्सल चामड्याच्या चेंडूने खेळत. “भाऊ, विकायचा नाही, पण खरा आहे की नाही तेवढे सांगा,” असे ते म्हणाले.

ती शंका योग्य होती, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा होता. चेंडूच्या घडणीवरून एवढेच ठरते की स्वाक्षरी त्याच्या निर्मितीपूर्वीची असू शकत नाही. बॅनर्जी २० मार्च २०२० रोजी आणि गोस्वामी त्याच वर्षी ३० एप्रिल रोजी निवर्तले. म्हणजे पदकानंतरच्या कित्येक दशकांत, एखाद्या बक्षीस समारंभातही, त्यांनी अशा चेंडूवर सही केलेली असू शकते. याउलट २०२२च्या विश्वचषकाच्या ‘अल रिहला’ चेंडूवर दिएगो मॅराडोना यांची स्वाक्षरी कोणी दाखवली, तर भिंग हातात घेण्याचीही गरज नसते, कारण ते २५ नोव्हेंबर २०२० रोजीच वारले होते. म्हणून आमच्याकडे स्वाक्षरीआधी चेंडू तपासला जातो, आणि टाके, तुकडे, व्हॉल्व्ह व छपाई यांची दुरुस्तीच्या काळात झालेली ओळख येथे कामी येते.

त्यानंतर शाई पाहतो. छापील स्वाक्षरी दहापट भिंगाखाली बहुधा ओळखू येते : ती वरच्या पातळ थराखाली असते, किंवा तिच्यात छपाईचे ठिपके दिसतात. हाताने केलेल्या सहीत पेन शिवणीवर अडखळते, खाचेत शाई साचते आणि वेगाने संपलेल्या रेषेचे टोक निमुळते होते. नक्कल करणारा हळू लिहितो, त्यामुळे त्याच्या रेषेवरचा दाब सारखा राहतो आणि वळणांवर पेन थांबल्याच्या खुणा उमटतात. वृद्ध माणसाच्या हाताला कंप असतो, तरी सहीची सवयीची गती त्यातूनही जाणवते. हा फरक ओळखणे मला या कामातले सर्वांत कठीण वाटते आणि त्यासाठी त्याच वयातल्या सह्यांचे नमुने शेजारी ठेवावे लागतात.

त्या निवृत्त खेळाडूकाकांच्या चेंडूच्या बाबतीत निर्णायक ठरला तो त्यांच्या घरातला अल्बम. एका बक्षीस समारंभाच्या छायाचित्रात गोस्वामी आणि बॅनर्जी हे दोन्ही पाहुणे मंचावर होते, चेंडू काकांच्या हातात होता आणि त्यावरची नक्षी स्पष्ट दिसत होती. मालकीचा असा सलग पुरावा किती मोलाचा असतो, हे एका प्रसिद्ध लिलावातही दिसले. १९८६च्या विश्वचषकात मॅराडोना यांनी हाताने केलेल्या गोलमुळे गाजलेल्या अर्जेंटिना-इंग्लंड सामन्यातील चेंडू पंच अली बिन नासर यांनी स्वतःजवळ ठेवला होता आणि २०२२ मध्ये तो लंडनमध्ये २० लाख पौंडांना विकला गेला. त्या सामन्याची कीर्ती असाधारण होती हे खरेच, परंतु चेंडू थेट पंचांच्या घरातून आल्यामुळे त्याच्या ओळखीला भक्कम आधार मिळाला.

मूल्यांकनात मी असे परदेशी आकडे आधाराला घेत नाही. आपल्याकडे जुन्या भारतीय खेळाडूंच्या सह्यांची विक्री इतकी तुरळक होते की तुलनेसाठी पुरेसे व्यवहार सापडत नाहीत. त्यामुळे आमच्या अहवालात एकच आकडा न देता किमतीची कमाल-किमान मर्यादा आणि तिची कारणे लिहिलेली असतात, आणि विम्यासाठीची किंमत व आज विकल्यास मिळू शकणारी किंमत वेगवेगळी नोंदवलेली असते. शुल्क ठरावीक असते, किमतीच्या टक्केवारीवर नसते, आणि ज्या चेंडूचे मूल्यांकन आम्ही करतो तो विकत घेत नाही. काहींना हे विचित्र वाटते, पण ज्याला चेंडू स्वतः घ्यायचा आहे, त्याने त्याची किंमत ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

चेंडू परत देताना जपणुकीच्या सूचना लिहून देतो, कारण विदर्भाच्या उन्हाळ्यात टिनाच्या छताखाली हवा प्रसरण पावते आणि शिवणीवर ताण येतो. हवा आकार टिकेल एवढीच ठेवावी, थेट ऊन लागू देऊ नये, डाग पुसायला स्पिरिट वापरू नये आणि पुसट सही कोणाकडूनही गिरवून घेऊ नये. गिरवलेल्या सहीला अस्सल म्हणून प्रमाणपत्र देणे आम्हाला शक्य होत नाही.

सध्या आम्ही विदर्भातल्या जुन्या खेळाडूंच्या सह्यांचे नमुने जमवत आहोत. कामठीपासून खाणींच्या वसाहतींपर्यंत अनेकांच्या घरी जुनी पत्रे, सन्मानपत्रे आणि स्पर्धांचे प्रवेशअर्ज पडून आहेत. मालकांच्या संमतीने त्यांची छायाचित्रे काढून, सहीचे साल व प्रसंग नोंदवून, मूळ कागद त्यांना त्याच भेटीत परत केले जातात.