कालीतले पाच कर्णे

कोलंबियातल्या काली शहरात दुपारी चार-साडेचारला डोंगराकडून वारा सुटतो आणि दिवसभराचा उकाडा उतरतो. त्याच वेळी मी नदीकाठाने, ला एर्मिता चर्च मागे टाकत, हायरो वारेला चौकात पोचले. तिथे ट्रम्पेटचे पाच अजस्र कर्णे उभे आहेत, त्यांतून ‘निचे’ हा शब्द होतो. कर्ण्याखाली उभं राहिलं की वरून गाणं अंगावर झरतं. मी पाचही कर्ण्यांखाली उभी राहिले, मग पुन्हा पहिल्याकडे गेले.

कालीला स्वतःचं गाणं देणारा साल्सा संगीतकार हायरो वारेला मुळात कालीचा नव्हता. तो १९४९ साली कोलंबियाच्या चोको प्रांतात, किब्दो गावी जन्मला. आत्रातो नदीकाठचं हे गाव जगातल्या सर्वाधिक पावसाच्या शहरांत मोडतं. वस्ती बहुतेक आफ्रिकी वंशाची, गरिबी पिढीजात. आई तेरेसा मार्तिनेस दे वारेला शिक्षिका आणि लेखिका होती. हायरोच्या गाण्यांतल्या शब्दांची नजाकत त्या घरातली असावी, असं मला मनापासून वाटतं. ‘निचे’ म्हणजे काळ्या वर्णाचा माणूस. कुणी मायेने म्हणतं, कुणी हिणवून. त्याने तोच शब्द आपल्या वाद्यवृंदाच्या नावात घेतला. हा साल्सा वाद्यवृंद, ग्रुपो निचे, सुरू झाला राजधानी बोगोतात, १९७० चं दशक सरता सरता, आलेक्सिस लोसानोच्या साथीने. पुढे बिऱ्हाड कालीला आलं.

हायरो गाणी लिहायचा, चाली बांधायचा आणि मुख्य गायकी बहुतेक वेळा दुसऱ्यांकडे सोपवायचा. स्वतः मागे उभा राहून गुइरो वाजवायचा. गुइरो म्हणजे वाळवलेल्या भोपळ्यावर खाचा पाडून काडीने घासायचं वाद्य. आपल्याकडे तंबोऱ्याला लागतो तो भोपळा इथे ताल धरतो, याचं मला फार अप्रूप वाटलं.

१९८४ मध्ये ‘काली पाचांगेरो’ आलं आणि ते शहराचंच गाणं होऊन बसलं. डिसेंबरातल्या जत्रेत ते वाजल्याशिवाय राहत नाही. १९९० च्या दशकात बेकायदा संपत्तीच्या आरोपाखाली हायरो तुरुंगात गेला. तिथेही लिहीत राहिला. ८ ऑगस्ट २०१२ रोजी कालीतच तो गेला, वयाच्या ६२ व्या वर्षी. वाद्यवृंद मात्र थांबला नाही. २०२१ साली त्याला ग्रॅमी मिळालं.

चौकाच्या कडेला एक बाई चोंतादुरो विकत होती. पाम जातीच्या झाडाचं हे केशरी, पिठूळ फळ इथे मीठ आणि मध लावून खातात. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी हायरोचं नाव घेतलं. ती म्हणाली, “आमच्याकडचा तो. चोकोचा.” फळाला मीठ लावताना तिच्या टाचा तालावर हलत होत्या. मी पैसे पुढे केले, तर तिने हातानेच थांबायची खूण केली. गाणं संपायला थोडा वेळ होता.