आपल्याच वाटेने परतणारा किरण

आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हा शाळेत पाठ केलेला नियम आरशासमोर कधीच दगा देत नाही, त्यामुळे तो सगळीकडे लागू पडत असणार असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. अजिंठ्याच्या पायथ्याशी एका विक्रेत्याकडून घेतलेल्या कॅल्साइटच्या खड्याने तो समज मोडला. दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत झिओलाइट नावाच्या खनिजांच्या सोबतीने असे खडे सापडतात. माझा खडा २० मिलिमीटर जाड, एका अंगाला कललेल्या विटेसारखा आहे आणि छापील ओळीवर ठेवला की प्रत्येक अक्षर दोनदा दिसते.

पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून लाल लेसरचा बारीक झोत मी खड्याच्या पृष्ठावर लंबरूप सोडला. (पॉइंटरचा प्रकाश बहुधा ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो, म्हणून दोन्ही ठिपके सारखे उजळ होईपर्यंत तो हातात फिरवत बसावे लागते.) बाजूने पाहिल्यावर दोन फिकट रेषा दिसल्या. खड्यात शिरताच प्रकाशाचे दोन किरण होतात: नेहमीच्या नियमाने वागणारा सामान्य किरण सरळ गेला होता, तर तो नियम न पाळणारा असामान्य किरण सुमारे ६.२ अंशांनी कलून मागच्या पृष्ठावर दोन मिलिमीटरांहून थोडा अधिक सरकला होता. आता हा कललेला किरण मागच्या पृष्ठावरून परावर्तित होताना, शाळेच्या नियमाप्रमाणे, लंबाच्या पलीकडच्या बाजूला तितकाच कलायला हवा. मी ती तिसरी रेषा बराच वेळ शोधली. परतणारा प्रकाश जेमतेम पाच टक्के असतो, म्हणून ती दिसत नसेल अशी स्वतःची समजूत घालता आली असती. पण तशी रेषा तिथे असूच शकत नाही, कारण किरण आल्या वाटेनेच परत फिरतो.

याचे कारण असे की, परावर्तनाचा नियम मुळात तरंगाग्राचा (पुढे सरकणाऱ्या प्रकाशलहरीच्या आघाडीचा) आहे, किरणाचा (ऊर्जा ज्या वाटेने वाहते तिचा) नव्हे. हवेत आणि काचेत या दोहोंची दिशा एकच असल्याने फरक लक्षात येत नाही. कॅल्साइटमध्ये असामान्य प्रकाशाची ऊर्जा तिरपी वाहते, पण त्याचे तरंगाग्र पृष्ठाला समांतर राहूनच पुढे सरकते. ते पृष्ठावर सपाट आदळते आणि सपाटच मागे फिरते. तरंग उलटला की त्याच्यासोबतचा ऊर्जाप्रवाहही नेमका उलटतो. आइसलँडहून आलेल्या कॅल्साइटमधील ही दुहेरी प्रतिमा डॅनिश शास्त्रज्ञ बार्थोलिनने १६६९ मध्ये नोंदवली होती. असामान्य तरंग गोलाकार न पसरता लंबगोलाभासारखा पसरतो, हा खुलासा डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६९० मध्ये छापला.

झोत तिरपा सोडला, की प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. तरंगसदिशाचा (तरंगाग्राला लंब, त्याची पुढे सरकण्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाचा) पृष्ठाला समांतर असलेला घटक तेवढा कायम राहतो. बाकी कोन किती असावा हे त्या दिशेतील अपवर्तनांक ठरवतो. प्रकाशीय अक्ष (ज्या दिशेने गेल्यास प्रकाश दुभंगत नाही ती दिशा) आपतनाच्या प्रतलाला तिरका असेल, तर एकाच आपाती किरणातून सामान्य आणि असामान्य असे दोन परावर्तित किरण निघू शकतात, म्हणजे आत शिरलेल्या दोन किरणांचे एका परावर्तनानंतर चार होतात.

स्कॉटिश शास्त्रज्ञ विल्यम निकोलने १८२८ मध्ये असा खडा कापून कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेने पुन्हा जोडला, तो या दोन किरणांच्या अपवर्तनांकांतील फरकाचा फायदा घेऊन. बाल्समचा अपवर्तनांक सुमारे १.५५, सामान्य किरणाचा १.६५८, त्यामुळे तो किरण जोडावरून पूर्ण आंतरिक परावर्तनाने बाजूला फेकला जातो आणि असामान्य किरण एकटाच पार होतो.