दोन हजारांच्या आत

सकाळी साडेनऊला बटण दाबलं, चहा घेऊन परत आले, तोवर सॉफ्टवेअरने गेल्या वर्षभराच्या फिरतीच्या खर्चाचा निकाल लावून टाकला होता. एकूण व्हाउचर ११,४००. त्यातले १,८७० लाल.

लाल म्हणजे संशयित. हिरवं व्हाउचर थेट पेमेंटला, पिवळं विभागाच्या साहेबांकडे, लाल माझ्याकडे, अशी रचना मीच ठरवली होती. दर सहांत एक लाल निघेल हे मात्र ठरवलं नव्हतं.

आमची कंपनी फवारणीची औषधं आणि विद्राव्य खतं विकते. ऑफिस नाशिकला, अंबड एमआयडीसीत. फिरतीवर एकशे चाळीस माणसं, सुरगाण्यापासून सांगलीपर्यंत. मी इथल्या अकाउंट्समध्ये एकोणीस वर्षं आहे. आधी दर महिन्याला कुरियरने व्हाउचरचे गठ्ठे यायचे. टाचणी काढा, बिलं पालथी घाला, बेरीज तपासा, टूर डायरीशी ताडून बघा, जिथे पटत नाही तिथे लाल पेनाने कात्री लावा. गेल्या वर्षी मोबाइलवरून बिलाचा फोटो टाकायची सोय आली आणि सॉफ्टवेअर कंपनीचा एक मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही बिल बघून जे ओळखता ना, ते मला जर-तरमध्ये लिहून द्या. बाकी मी बघतो."

ऐकायला सोपं वाटलं. पंधरा दिवसांत दोन फुलस्केप भरले. डोक्यात एकोणीस वर्षांत काय काय साठलंय ते स्वतःलाच तेव्हा कळलं. आज त्या नियमांची चाचणी होती, मागच्या वर्षाच्या, पैसे देऊन झालेल्या व्हाउचरवर. चार वाजता कमर्शियल साहेबांसमोर बसायचं होतं.

पहिला धक्का एसटीच्या तिकिटांचा. अंतर आणि भाडं जुळतं का हे बघायला मी टप्प्यांच्या दरावरून एक पट्टा ठरवून दिला होता. त्याच्या वर गेलं तरी लाल, खाली गेलं तरी लाल, कारण कमी भाड्याचं तिकीट म्हणजे माणूस मध्येच उतरला असणार. लातूरच्या मॅडमची झाडून सगळी तिकिटं लाल. अमरावतीच्या मॅडमची लाल. धुळ्याच्या मॅडमची लाल. आमच्या फिरतीवर बायका एवढ्याच, तीन. दोन मिनिटं मला काही सुचेना, आणि मग पर्समधलं सकाळचं सिन्नर-नाशिकचं स्वतःचं तिकीट आठवलं. अर्धं! १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे, मी रोज त्याच तिकिटावर येते, आणि नियम लिहिताना हिशेब धरला पुरुषाच्या तिकिटाचा. तो नियम तिथल्या तिथे दुरुस्त केला. एकशे त्र्याण्णव लाल कमी झाले.

दुसरा गोंधळ त्या मुलाचा. त्याने हौसेने बेनफर्डचा नियम चालू करून ठेवला होता. आकड्यांच्या मोठ्या ढिगात पहिला अंक १ असलेल्या रकमा तीस टक्क्यांच्या आसपास निघतात, ९ असलेल्या पाच टक्क्यांहूनही कमी. कोणी मनाने आकडे रचले तर हे प्रमाण बिघडतं. नियम खरा आहे, ऑडिटवाले वापरतातही. पण आमचा रोजचा भत्ता ३५० रुपये ठरलेला. साहजिकच ३ ने सुरू होणाऱ्या रकमांचा डोंगर उभा राहिला आणि यंत्राला अख्खी कंपनीच लबाड दिसू लागली. जिथे रकमा आपणच बांधून दिल्यात, तिथे हा नियम लावण्यात काही अर्थ नाही. बंद केला.

जीएसटी क्रमांकाच्या नियमाने मात्र नाव काढलं. पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची. महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, मध्य प्रदेश २३. बेळगाव नि इंदूरच्या लॉजची बिलं त्याने वेगळी काढली. तिथल्या मुक्कामावर तिथलाच राज्याचा कर लागतो, त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, आम्हाला इथे बसून घेता येत नाही. तरी चार बिलांचं घेतलेलं होतं. घेणारा फिरतीवरचा कोणी नव्हता, माझ्याच शेजारच्या टेबलावरचा होता. त्याला बोलावलं, तो बिचारा घामाघूम झाला. क्रेडिट व्याजासकट परत करायचं टिपून ठेवलं.

आणि एक खरी चोरीही सापडली. एकाने मोटरसायकलच्या मीटरचा एकच फोटो कातरून-कातरून पाच महिने वापरला होता. काचेवरची चीर प्रत्येक फोटोत त्याच कोनात. त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं, पैसे पगारातून हप्त्याने कापले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते जिंतूरच्या बिलबुकाचं.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका म्हाताऱ्या ऑडिटरने शिकवलेली खूण आहे: एकाच माणसाने एकाच हॉटेलची महिनोन् महिने आणलेली बिलं जर सलग नंबरची असतील, तर बिलबुक हॉटेलात नसून त्या माणसाच्या बॅगेत आहे. स्टेशनरीच्या दुकानात कोरं बिलबुक मिळतं, शिक्का करून घ्यायला अर्धा तास लागतो. चालत्या हॉटेलात एप्रिलमध्ये ३८ नंबरचं बिल फाडलं तर मेमध्ये ३९ येणारच नाही. हा नियम मी मोठ्या अभिमानाने लिहिला होता.

त्यात परभणीचा मुलगा सापडला. वय सव्वीस, मागच्या वर्षीच लग्न झालेलं, मीटिंगला मागच्या खुर्चीत बसणारा. जिंतूर रस्त्यावरचं जेवणाचं हॉटेल, बिलं नंबर ३८ ते ५१, चौदाच्या चौदा ओळीने. रक्कम कधी ११०, कधी १३०. मला राग आला. चोरी करायचीच तर एवढ्याशा पैशांची कशाला, असला राग.

बिलावर मोबाइल नंबर होता. लावला. मागे भांड्यांचा आवाज.

"कोन बोलतंय?"

"नाशिकहून बोलतेय, औषध कंपनीतून. तुमच्या बिलांबद्दल विचारायचं होतं."

"बिल? आमी बिल देतच न्हाई ओ कुनाला. मागतंय कोन हितं? एक तुमचा पोरगा येतो, त्यालाच लागतंय. त्याच्यापायीच तर बुक आनलंय."

मी गप्प. मग सुचलं. "पण तो तर ३८ नंबरपासूनच्या बिलांनी सुरू होतो. आधीची सदतीस?"

"त्याच्या आधी दुसरा व्हता की तुमचाच, टकला. त्यालाबी लागायचं." थोडं थांबून म्हणाला, "काय चुकलं का पोराचं? पैसे रोख देतो, ताटात काय टाकत न्हाई."

हॉटेलवाला ओळखीतून खोटं बोलू शकतो, हेही माझ्या पेशानेच शिकवलंय. म्हणून रेकॉर्डरूममध्ये गेले, धुळीचे गठ्ठे उपसले. आधीच्या माणसाचे, म्हणजे त्या टकल्याचे, दोन वर्षांपूर्वीचे व्हाउचर काढले. बिल नंबर २९, ३०, ३१. त्याच निळ्या शाईचं, त्याच वाकड्या अक्षराचं. पस्तिसाव्यावर तर पाण्याच्या पेल्याचा गोल डाग होता.

ज्या गावात कोणी बिल मागत नाही तिथे बिल मागणारा माणूस माझ्या नियमाने चोर ठरला होता. नियम काढून टाकला नाही, शहरात तो उपयोगाचा आहे. लालचा पिवळा केला आणि वर अट घातली: रोजच्या बिलाची रक्कम दोनशेच्या वर असेल तरच बघ. जेवायला गेले तेव्हा पावणेदोन वाजले होते.

जेवणानंतर उरला तो सगळ्यात मोठा ढीग. चारशे बारा व्हाउचर, एकाच नियमात अडकलेले. नियम असा: एकाच माणसाचे एकाच दिवशीचे दोन किंवा जास्त व्हाउचर, प्रत्येक अठराशे ते दोन हजारांच्या मधला. आमच्याकडे दोन हजारांपर्यंतचा किरकोळ खर्च अकाउंट्सने पास करायचा, त्याच्या वर साहेबांची सही. खर्च मोठा असेल तर तुकडे करून मर्यादेखाली आणायचा, ही जगातल्या सगळ्या ऑफिसांतली जुनी युक्ती. ती पकडायलाच हा नियम होता.

पण चारशे बारा? एकसष्ट माणसं, नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत, नवी-जुनी, सगळीच. यातल्या निम्म्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. मग सगळ्यांना एकच अक्कल कुठून आली?

सांगलीच्या काकांना फोन लावला. दोन वर्षांनी रिटायर होतील, त्यांच्याशी आडपडदा ठेवावा लागत नाही.

"काका, कवठेमहांकाळचा द्राक्ष मेळावा. मंडप १,९५०, खुर्च्या-चहा १,९००. एकच मंडपवाला, एकच दिवस. दोन व्हाउचर का?"

तिकडे जरा शांतता.

"मॅडम, तुम्हीच तर सांगितलं होतं."

"मी?"

"नोटाबंदीच्या वेळी. साहेबांच्या सहीला महिना लागत होता, आमच्या खिशात दमडी नव्हती. तुम्ही म्हणालात, काका, दोन भाग करून पाठवा, मी पास करते. मग मी आमच्या पोरांना सांगितलं, पोरांनी पुढच्यांना."

आठवलं. सगळं आठवलं. नोव्हेंबर २०१६, हा फोन, हेच टेबल. काका एटीएमच्या रांगेतून बोलत होते. तेव्हा मला ते चांगुलपणाचं वाटलं होतं, अजूनही वाटतं. पण ती एका महिन्याची सवलत होती. पुढे कोणी बंद कर म्हणालं नाही आणि मीही केली नाही. पास करणाऱ्याच्या कोडचा रकाना उघडून बघितला. चारशे बारापैकी तीनशे नव्वद माझ्या कोडने.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. स्क्रीनवर त्या नियमाच्या बाजूला एक छोटा चौकोन होता, त्यात बरोबरची खूण. ती खूण काढली की चारशे बारा नाहीसे. सकाळपासून तीन नियम मी असेच बदलले होते, चौथ्याबद्दल कोणी विचारलंही नसतं. माउस तिथे नेऊन ठेवला. किती वेळ, ते सांगत नाही.

शेवटी हात मागे घेतला तो काही मोठेपणाने नाही. मेल बघितली. सॉफ्टवेअरने सकाळी ९:३५ ला पहिला अहवाल आपणहून साहेबांना पाठवलेला होता, सगळ्या नियमांसकट. मुलाने तेवढी सोय करून ठेवली होती आणि मला सांगायला विसरला होता.

चार वाजता साहेबांच्या टेबलावर त्याची छापील प्रत होती. त्यांनी अर्ध्या तिकिटाचं ऐकून घेतलं, जिंतूरचं ऐकून हसले, मग पान उलटलं. "हे दोन हजारांच्या आतलं काय प्रकरण आहे?"

सांगितलं. काकांचं नाव न घेता, पण माझ्या कोडसकट.

बराच वेळ ते पेन टेबलावर आपटत राहिले. "माझ्या सहीला किती दिवस लागतात?"

"कधी आठ. कधी पंचवीस."

"ही दोन हजारांची मर्यादा कधीची?"

"२०११ ची. तुमच्या आधीच्या साहेबांची."

तेव्हा पेट्रोल सत्तरीच्या आसपास होतं, आता शंभराच्या वर गेलंय. तेव्हा दोन हजारांत आख्खा मेळावा व्हायचा, मंडप, खुर्च्या, चहा, वर गुळपापडीही. आता त्यात जेमतेम नुसता मंडप बसतो. हे मी बोलले नाही, पण त्यांच्या डोक्यात तोच हिशेब चालला असावा, कारण त्यांनी समासात ५,००० लिहिलं आणि खाली रेघ मारली. तुकडे पकडायचा नियम राहणार, मागच्या व्हाउचरना हात लावायचा नाही. मग माझ्याकडे बघितलं. "आणि तुमचं?"

"लाल व्हाउचर मी एकटीने पास करायचं नाही," मी म्हटलं. "दुसरा कोड लागेल, असं त्याच्यात टाकून घेते."

"टाका."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात परभणीच्या मुलाचा फोन आला. सेलूला कापसाचा मेळावा झाला होता. "मॅडम, पाच हजार चारशे झालेत. कसं करू?"

"कसं म्हणजे? एकच व्हाउचर पाठव."

"मग कधीपर्यंत सुटेल?"

मी साहेबांचं कॅलेंडर उघडलं. हैदराबाद, तिथून इंदूर.

"पुढच्या सोमवारनंतर बघू," मी म्हटलं.

तिकडून "बरं" आलं. पण फोन त्याने लगेच ठेवला नाही, आणि मीही नाही.