मागे ३२, पुढे ३५

सराटे ज्यांच्या चपलेत कधी रुतलेत त्यांना पुढचं पटकन कळेल. जमिनीला चिकटून पसरणारी ती इवल्या पिवळ्या फुलांची वेल, आणि तिचं ते टणक काटेरी फळ. कसंही पडलं तरी एक काटा आभाळाकडे. नोव्हेंबरातल्या एका रविवारी सासवडहून जेजुरीला जाताना चहासाठी थांबलो आणि सायकल डांबरावरून टपरीपर्यंत मातीतून ढकलत नेली. दहा-बारा पावलं असतील. चहा संपेस्तोवर दोन्ही चाकं बसली.

जवळ ट्यूब दोनच. दोन्ही बदलल्या, पण घाईत मागच्या टायरच्या आतून बोट नीट फिरवलं नाही आणि मोडून राहिलेल्या एका टोकाने पाच किलोमीटरवर तिसरं पंक्चर केलं. त्याला ठिगळ लावलं. चौथ्या वेळी सोल्युशनची ट्यूब उघडली तर ती वाळून खडखडीत. कांदे उतरवून परत निघालेल्या एका टेम्पोतून हडपसरला उतरलो. टेम्पोवाल्याने पैसे घेतले नाहीत, पण "गाडीला ट्यूबलेस टायर येऊन जमाना झाला, तुमच्या सायकलला अजून ट्यूब?" एवढं विचारलं. ते पैशांपेक्षा महाग पडलं.

माझी सायकल एकच आणि तिला सगळं करावं लागतं. आठवड्यातून तीन दिवस कोथरूड ते भोसरीचा कारखाना, रविवारी सिंहगडाचा पायथा नाहीतर बोपदेव घाट, पानशेतच्या बाजूचे खडीचे तुकडे, आणि वर्षातून एखादी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब सायकलफेरी. तिला साडेतेरा तासांची मुदत असते आणि मी शेवटच्या तासात येणाऱ्यांतला. ॲल्युमिनियमची फ्रेम, डिस्क ब्रेक, २८ मिलिमीटरचे टायर आणि त्यात ८५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा.

ट्यूबलेस करायचं हे टेम्पोतच ठरलं. रुंदीचं काही केल्या पटत नव्हतं. माझी पहिली रोड बाइक २३च्या टायरची, त्यात ११० पीएसआय. टायर अंगठ्याने दाबला जात नाही म्हणजे सायकल पळते, हा आमचा सिद्धांत. ही समजूत बरीचशी गुळगुळीत पोलादी ड्रमवरच्या चाचण्यांतून आलेली. ड्रमवर हवा वाढवाल तसा टायर हलका फिरतो हे खरंच आहे. पण ड्रमवर खड्डे नसतात आणि वर माणूस बसलेला नसतो. अमेरिकेतले सायकल-लेखक यान हाइने यांनी माणूस बसवून, खऱ्या रस्त्यावर आणि हायवेच्या कडेच्या रम्बलर पट्ट्यांवर हे मोजून पाहिलं. टणक टायरवर सायकल आणि माणूस थरथरत राहतात, त्या थरथराटात जी ताकद जिरते ती शेवटी पायांनीच दिलेली असते. हे वाचलं आणि घाटाच्या तोंडाशी रम्बलरवरून जाताना दात कसे वाजतात ते आठवलं. फ्रान्समधल्या पॅरिस-रुबे शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर तर आता व्यावसायिक शर्यतवालेही ३२चे किंवा त्याहून रुंद ट्यूबलेस लावतात. मग मी कोण मोठा लागून गेलो?

शिवाय रुंद आणि ट्यूबलेस हे दोन निर्णय नाहीतच, एकच आहे. ट्यूब ठेवून हवा कमी केली तर खड्ड्यात रिम आणि टायरच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबच नसली की तो प्रश्न मिटला. उलट बाजूने, टायर अरुंद ठेवून ८०-९० पीएसआयवर ट्यूबलेस केला तर आत ओतलेलं सीलंट, म्हणजे पंक्चर बुजवणारं द्रव, भोक बुजवण्याआधीच पिचकारीसारखं बाहेर उडतं. कमी हवेवर ते बसतं, आणि कमी हवा सोसायला टायर रुंद हवा.

आता किती रुंद? इथे मी जितका वेळ घालवला तितका सायकल घेतानाही घालवला नव्हता. कारखान्यातून मापायचं व्हर्निअर आणलं. माझा २८चा टायर भरला २९.१. टायरवर छापलेला आकडा एका ठरावीक रिमवरचा असतो, तुमच्या रिमवरचा नाही. रिमची आतली रुंदी महत्त्वाची, ती माझी १९ मिलिमीटर. ती एक मिलिमीटरने वाढली की टायर ढोबळमानाने ०.४ मिलिमीटरने फुगतो, म्हणून मित्राच्या २३च्या रिमवर अमुक टायर बसला याचा मला काही उपयोग नाही.

मापाच्या नावांचा गोंधळ वेगळाच. ७००, २८ इंच, २९ इंच ही सगळी नावं एकाच रिमला चिकटलेली सापडतात, आणि दूधवाल्यांच्या काळ्या सायकलचं २८ इंच मात्र भलतंच. माझ्या रिमचा खरा आकडा ६२२, त्या काळ्या सायकलचा ६३५. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत ३५-६२२ असं असतं, तेवढंच वाचायचं. पहिला आकडा रुंदी, दुसरा टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास.

रिमच्या काठावरून आतून बोट फिरवून आणखी एक गोष्ट पाहिली: काठाला टायरची कड धरून ठेवणारी, आत वळलेली आकडी आहे का. माझ्या रिमला होती. नव्या बऱ्याच कार्बन रिमना ती नसते, आणि त्यांच्यावर ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर हवा भरायची नाही आणि टायरही त्या रिमला चालणाराच घ्यायचा. २०२४च्या यूएई टूर या शर्यतीत बेल्जियमचा सायकलपटू थॉमस दे गेंट पडला तेव्हा या बिनआकडीच्या रिमवरून मोठा वाद झाला होता. आणि जुनाच साधा टायर वापरून, नुसतं सीलंट ओतून ट्यूबलेस करू, हा जुगाड करू नका. ट्यूबलेसच्या टायरची कड ताणली न जाणारी असते, साध्याची ताणली गेली तर टायर रिमवरून उडतो.

मग फ्रेम. मागच्या दोन नळ्यांच्या मधली जागा व्हर्निअरने ४३ मिलिमीटर, पुढच्या फोर्कमध्ये ऐसपैस. कंपनी म्हणते ३५पर्यंत लावा. जाणकार म्हणतात दोन्ही बाजूंना किमान ४ मिलिमीटर मोकळे हवेत. मी कागदावर ४३ वजा ३५ केलं, आठ आले, निम्मे चार, आणि खूश झालो. २८चा टायर २९.१ भरलेला मीच अर्ध्या तासापूर्वी मोजला होता. ते कुठे गेलं, देव जाणे.

टायरच्या जातीत फार रमलो नाही. एका टोकाला कॉन्टिनेंटलच्या जीपी ५००० एस टीआरसारखे गुळगुळीत आणि चपळ, दुसऱ्या टोकाला श्वाल्बे जी-वनसारखे बारीक गोळ्या-गोळ्यांचे. माझं नव्वद टक्के धावणं डांबर आणि काँक्रीटवर. गोळ्या तिथे गुणगुणत झिजणार. आणि भिजलेल्या डांबरावर नक्षीपेक्षा रबर कामाला येतं, सायकलचा टायर गाडीसारखा पाण्यावर तरंगायला लागत नाही. म्हणून मधून जवळजवळ गुळगुळीत, कडेला किंचित खरखरीत, आणि बाजूची भिंत फार पातळ नसलेला असा ३५चा जोड घेतला. एक टायर साडेचार हजारांचा. घरी आकडा सांगताना जोडाचा न सांगता एकाचा सांगितला.

बसवायला एक शनिवार गेला. रिम आतून स्पिरिटने पुसली. स्पोकची भोकं बुजवायला १९च्या रिमला २१ मिलिमीटरची टेप, खेचून ताणून दोन वेढे, सुरकुती एकही नको. व्हॉल्व्हचं भोक सुरीने पाडलं तर टेप फाटत जाते, म्हणून खिळा तापवून पाडलं. टायर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवायला सुरुवात करायची आणि व्हॉल्व्हपाशी संपवायचं, कारण टायरची कड रिमच्या मधल्या घळीत उतरली तरच शेवटी ढिलाई मिळते आणि व्हॉल्व्हच्या बुडापाशी ती उतरू शकत नाही. हे उलटं करून मी दोन नखं आणि एक लिव्हर मोडला.

मग पंप. मारतोय, मारतोय, हवा कडेने फुस्स. साबणाचं पाणी लावलं, व्हॉल्व्हच्या आतला गाभा काढला म्हणजे हवेला वाट मोठी होते. पुढचं चाक त्यावर बसलं, मागचं नाही. शेवटी चाक खांद्याला लावून नाक्यावरच्या पंक्चरवाल्या अण्णांकडे गेलो. त्यांच्या कॉम्प्रेसरचं तोंड गाडीच्या व्हॉल्व्हचं, सायकलचा व्हॉल्व्ह बारीक, त्यामुळे मध्ये पितळी अडॅप्टर लागतो. तो आधीच घेऊन ठेवावा. अण्णांनी हवा सोडली आणि टायर "टाक्... टाक्" करत कडेला जाऊन बसला. त्यांनी आवाज ऐकूनच मान डोलावली. "बसला. आता आत काय घालणार?"

आत घालायचा तो पांढरा चीक. अक्षरशः चीकच, रबराच्या झाडाचा. बहुतेक सीलंट त्याचीच असतात, वास अमोनियाचा. गाभा काढलेल्या व्हॉल्व्हमधून सिरिंजने प्रत्येक चाकात ५० मिलिलीटर घातलं, हलवलं, फिरवलं, बादलीवर आडवं ठेवून एकेक बाजू भिजू दिली. टायरच्या भिंतीतून घामासारखे पांढरे ठिपके आले आणि विरले. बाल्कनीतल्या फरशीवर सांडलेला डाग मात्र अजून आहे. "रुईचा चीक बरा, निदान झाडाला तरी असतो," असं त्यावर बायकोचं मत. पहिल्या रात्रीत वीस पीएसआय उतरली, चार दिवसांनी टिकायला लागली.

हवेचा आकडा शोधायला महिना गेला, कारण अंगठा ऐकत नव्हता. मी, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ९२ किलो. पहिल्या दिवशी सवयीने ७० भरली आणि म्हटलं, फरक काहीच नाही. मग दर दोन दिवसांनी चार-चार उतरवत गेलो. पन्नासच्या खाली आल्यावर भोसरीच्या रस्त्यावरचे काँक्रीटचे सांधे वाजायचे बंद झाले. चाळीसला उभं राहून चढताना मागचं चाक डुलायला लागलं. मागे ४८, पुढे ४४ वर थांबलो. वेग? ऑफिसचा वेळ तोच राहिला, मिनिट इकडे-तिकडे. पण दोनशेच्या ब्रेव्हेनंतर मनगटं दुखली नाहीत, आणि माझ्या वयाला तो वेगच.

एप्रिलच्या उन्हाने एक धडा दिला. सीलंट सहा महिने टिकतं असं ऐकलं होतं, पुण्याच्या उन्हाळ्यात मला तीनच महिने मिळाले. व्हॉल्व्हचा गाभा काढून त्यातून प्लॅस्टिकची बारीक केबल-टाय आत घातली, गाडीचं ऑइल बघतात तशी, तर ती कोरडी बाहेर आली. आत नुसती साय धरलेली. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी टाय घालून बघतो आणि ३० मिलिलीटर घालतो. ट्यूबलेस म्हणजे पंक्चरची कटकट गेली असं कुणी सांगितलं तर अर्धंच ऐका. रस्त्यावरची कटकट बाल्कनीत येते.

आणि मग जून. पहिल्या पावसात मडगार्ड लावायला घेतला तर पुढे आरामात, मागे शिरेचना. व्हर्निअर काढलं. ३५चा टायर फुगून-ताणून आता ३६.४ भरत होता, म्हणजे बाजूला जेमतेम सव्वातीन. मडगार्ड पुढेच लावला, मागे तसाच निघालो. पानशेतच्या रस्त्याला लाल मुरमाचा चिखल टायरला धरला, आणि आधी खरखर, मग चाक जड, मग घरी येऊन पुसल्यावर दोन्ही नळ्यांच्या आतून रंग गेलेला, खाली चकचकीत ॲल्युमिनियम. कंपनीचा ३५चा आकडा खोटा नव्हता, कोरड्या रस्त्याचा होता. आणि वजाबाकी माझी होती.

म्हणून मागे ३२ मागवला. तो १९च्या रिमवर ३२.८ भरला, दोन्ही बाजूंना पाच मोकळे, आणि मडगार्डही शिरला. हवा ५५. पुढचा ३५ तसाच ठेवला. हातांना मऊपणा पुढूनच लागतो, आणि तिकडे जागेची ददात नाही. दोन चाकांना दोन मापं बघून गल्लीतली पोरं हसतात.

मागचा ३५ उतरवल्यावर आतून धुवायला घेतला. वाळलेली साय सोलत गेलो तर बोटाला टोचलं. मग बॅटरी घेऊन नीट बघितलं. आत डोकावणारी बारीक टोकं, प्रत्येकाभोवती सीलंटची पांढरी गाठ. पक्कडीने एकेक उपटून वर्तमानपत्रावर ठेवलं: नऊ सराट्याचे, एक बाभळीचा, आणि एक ट्रकच्या टायरमधली पोलादी तार. एकूण अकरा, आणि पाच महिन्यांत मला त्यातल्या दोघांचाच पत्ता लागला होता, पाठीवर पांढरी पिचकारी उडाली म्हणून. वाटेत टायर मोठा फाटून आत ट्यूब घालायची वेळ आली असती तर हे सगळे तिच्यात घुसले असते. तेव्हा ती अजून जवळ ठेवतो, आणि सोबत आता पक्कडही.