पळसाच्या फुलांचं सिरप, होळीच्या आधीच करून ठेवा

फेब्रुवारी संपत आला की आमच्या विदर्भात पळस पेटतो, झाडावर पान म्हणून नाही आणि नुसता केशरी, उमरेड नाहीतर रामटेककडे गेलं की गाडी थांबवल्याशिवाय राहवतच नाही. लोक फोटो काढतात नि निघून जातात. मला मनापासून वाटतं की त्यातली थोडी फुलं घरी न्यावी.

झाडाला हातही लावायची गरज नाही. सकाळी लवकर गेलं की खाली सडाच असतो, त्यातली ताजी टवटवीत वेचायची, वरची शिंजीर आणि साळुंक्यांसाठी राहू द्यायची, ते मधासाठी येतात आणि त्यांच्यामुळेच तर शेंगा धरतात. हायवेला लागून असलेली धुळीची फुलं नकोच, आणि झाड शेताच्या बांधावर असेल तर फवारणी झालीय का ते आधी विचारा.

आता खरं काम. फुलाच्या बुडाशी जो काळपट मखमली भाग असतो ना, तो काढायचाच, अजिबात कंटाळा करू नका, सगळा तुरटपणा त्यातूनच उतरतो. पाकळ्या थोडा वेळ पसरून ठेवल्या की मुंग्या निघून जातात, मग दोन-तीन पाण्यांनी धुवायच्या. मोठा वाडगाभर पाकळ्यांवर पाऊण लिटर उकळतं पाणी ओतून रात्रभर झाकून ठेवा. बरेच जण फुलंच गॅसवर खळखळ उकळतात, मला ती चव कडसर लागते, असं भिजवलेलं जास्त छान होतं. सकाळी गाळून अर्धा लिटर पाण्याला पाऊण किलो साखर, एकतारीच्या जरा अलीकडे गॅस बंद, वेलची, आणि शेवटी 2 लिंबांचा रस. लिंबाने साखरेचे खडे धरत नाहीत. रंग केशरीवरून पिवळ्याकडे जातो, तो तसाच जायचा असतो. कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये.

गुलाबासारखा वास शोधू नका, पळसाला वासच नसतो, पण गार पाण्यात जी हलकी तुरट-गोड चव येते ती उन्हातून आल्यावर कळते. घरात कुणी गरोदर असेल तर तिला मात्र देऊ नका. आणि बिया, म्हणजे पळसपापडी, खायला घेऊ नका, ते जंताचं औषध आहे.

गाळून उरलेला चोथा टाकू नका हं, वेगळ्या भांड्यात चिमूटभर चुना घालून उकळा, रंग एकदम गडद येतो, पोरांना धुळवडीला तोच द्या.