सरोवराच्या तळावरचं गाव

नेदरलँड्सला जाऊन आले म्हटलं की लोक ट्युलिप, पवनचक्क्या आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांबद्दल विचारतात. पवनचक्क्या आणि कालवे मी पाहिले, आवडलेही. पण हा देश मला उमगला तो हूफ्डॉर्पमध्ये, माझ्या ताईच्या गावी. स्किपोल विमानतळाच्या शेजारचं हे गाव. रांगेत बांधलेली विटांची घरं, मागे वीतभर बाग, पुढे सायकली. बघण्यासारखं म्हणून कुणी या गावाचं नाव घेत नाही.

पण हे गाव एका सरोवराच्या तळावर वसलंय. समुद्रसपाटीच्या चार-पाच मीटर खाली.

मी अलिबाग तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावची. आमची खारी शेती. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड गेली, तो फुटला, की एका उधाणात शेतात खारं पाणी भरतं आणि पुढची काही वर्षं भाताचं नाव घ्यायचं नाही, हे बघत मी मोठी झाले. त्यामुळे ताईने पहिल्याच दिवशी सांगितलं, "अगं, आपण आत्ता पाण्याखाली आहोत," तेव्हा माझं लक्ष आधी बांध कुठे आहे तिकडे गेलं.

तिथे जेवणं संध्याकाळी सहाला उरकतात आणि जुलैत दहापर्यंत उजेड असतो. त्या लांबलचक संध्याकाळी आम्ही रिंगफार्टवर जायचो. आटवलेल्या सरोवराला वेढा घालणारा हा साठेक किलोमीटरचा कालवा. रस्ता खाली आणि पाणी वर. बांधाच्या पायथ्याशी उभं राहिलं की होड्या बघायला मान वर करावी लागते. एका माणसाची छोटी मोटरबोट माझ्या डोक्यावरून गेली, त्याचा कुत्रा टपावर बसून खाली आमच्याकडे बघत होता. उतारावर मेंढ्या चरत होत्या. गवत दाट राहतं आणि माती दाबली जाते, म्हणून बांधांवर मेंढ्या सोडतात असं भाऊजींनी सांगितलं.

हे सरोवर म्हणजे हार्लेमरमीर. मऊ काठ लाटांनी झिजत गेले, तसं ते वाढत गेलं. 1836 च्या नोव्हेंबरातल्या वादळात त्याचं पाणी अ‍ॅमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत आलं आणि डिसेंबरात वारा फिरला तेव्हा लायडनच्या बाजूला घुसलं. मग ते आटवायचंच असं ठरलं. सुमारे 18,000 हेक्टर पाणी तीन वाफेच्या पंपगृहांनी उपसलं आणि 1852 साली तळ कोरडा झाला. त्यातलं एक पंपगृह, क्रुकियस, आता संग्रहालय आहे. किल्ल्याच्या बुरुजासारखी गोल इमारत आणि तिच्या भिंतींतून चारी बाजूंना बाहेर आलेल्या आठ लोखंडी तुळया. मधला सिलिंडर साडेतीन मीटरहून रुंद. आता तो वाफेवर चालत नाही, हायड्रॉलिकवर हलवून दाखवतात. आठही तुळया एकदम खाली गेल्या तेव्हा पायाखालची फरशी थरथरल्यासारखी वाटली. 1933 पर्यंत हे यंत्र वापरात होतं. हूफ्डॉर्पहून सायकलने सहज जाता येतं, आणि माझं ऐकाल तर गर्दीच्या पवनचक्क्यांआधी इथे जा.

त्याच आठवड्यात माझ्या भाचीची पोहण्याची परीक्षा होती. तिथली मुलं चार-पाच वर्षांची झाली की तलावावर जायला लागतात. ए, बी, सी अशी तीन प्रमाणपत्रं असतात. मला वाटलं होतं, पोहण्याच्या पोशाखातली मुलं एक-दोन फेऱ्या मारतील आणि टाळ्या वाजतील. प्रत्यक्षात पोरं अंगात टी-शर्ट, अर्धी चड्डी आणि पायांत चक्क बूट घालून काठावर उभी होती. शिट्टी झाली तशी एकेक जण कपड्यांसकट पाण्यात. कपडे भिजून जड झाल्यावर हातपाय कसे चालतात, हेच तर तपासायचं असतं. बी ला लांब बाह्या आणि लांब पॅंट, सी ला वरून जाकीटही. नंतर पाण्यात एक ताडपत्री उभी सोडतात, तिला भोक असतं. मुलांनी पाण्याखालून जाऊन त्या भोकातून पलीकडे निघायचं. भाची बुडी मारून दिसेनाशी झाली तेव्हा मी ताईचा हात घट्ट धरला होता. ताई मात्र शांत. पलीकडे डोकं वर आलं, नाकातोंडातलं पाणी झटकून पोरीने आधी "मावशी!" म्हणून हाक मारली.

घरासमोर, शाळेमागे, बसथांब्याच्या कडेला, सगळीकडे पाणी, आणि बऱ्याच ठिकाणी कठडाही नाही. माझ्या काळजीवर ताईचं उत्तर सरळ होतं. पाणी किती ठिकाणी झाकणार? त्यापेक्षा पोराला पोहता आलं पाहिजे. खाडीकाठच्या आमच्या गावांत किती मुलांना पोहता येतं, याचा विचार मी तिथे बसूनच करत होते. आपल्याकडेही हे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ताईच्या टपालात एक बिल येतं, पाण्याचा कर. नळपट्टी वेगळी, हा बांध, कालवे, पंप आणि सांडपाणी शुद्धीकरणाचा. तो घेते वॉटरस्खाप, म्हणजे पाणीमंडळ. देशभरात अशी 21 मंडळं आहेत. ताईचं मंडळ राइनलँड, त्याचा इतिहास तेराव्या शतकापर्यंत मागे जातो. या मंडळांसाठी दर चार वर्षांनी मतदान होतं. मार्च 2023 मध्ये प्रांताची निवडणूकही त्याच दिवशी होती. ताईचा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे प्रांतासाठी तिला मत नव्हतं. पाणीमंडळासाठी मात्र होतं. बांधाच्या आत कायदेशीर राहणाऱ्या प्रौढ माणसाला बांधाबद्दल बोलायचा हक्क. हे ऐकून मी खूप वेळ गप्प बसले होते.

आमच्या आजोबांच्या काळी गावात जोळ होती. ज्याची जमीन बांधाच्या आत त्याने बांधावर राबायचं, उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, गळायला लागली की सगळ्यांनी चिखलात उतरायचं. खेकड्यांची बिळं शोधून बुजवायची, कारण खांड तिथूनच सुरू होते. पुढे बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली आणि जोळ विरली. नेदरलँड्समध्ये ती विरली नाही. तिथे बिळं करते ती मस्करॅट, पाणथळीतली घुशीसारखी जात, आणि तिला पकडायला पाणीमंडळांनी पगारी माणसं नेमली आहेत. आजोबांना हे ऐकून आनंद झाला असता.

मला वाटतं, डच माणसांच्या रोजच्या वागण्यात या सवयीचा मोठा वाटा आहे. शेजाऱ्याशी पटो न पटो, बांध दोघांचा एकच, त्यामुळे बसून बोलावं लागतं, ठरवावं लागतं आणि ठरलेलं पाळावं लागतं. घरी येण्याआधी वेळ घ्यायची, तीही दोन-तीन आठवडे आधी. आपल्याला हे कोरडं वाटतं. पण ताईची शेजारीण डायरी उघडून आमच्यासाठी गुरुवारची दुपार शोधत होती, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कसलाही कोरडेपणा नव्हता. आणि त्या गुरुवारचे दोन तास सर्वस्वी आमचे होते. एकदाही तिने फोनकडे पाहिलं नाही.

तिच्या मुलीच्या वाढदिवसालाही आम्ही गेलो. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या. येणारा प्रत्येक जण गोलात फिरून सगळ्यांशी हस्तांदोलन करतो आणि सगळ्यांचंच अभिनंदन करतो. आईचं मुलीबद्दल, आजीचं नातीबद्दल, शेजाऱ्यांचं शेजारच्या मुलीबद्दल. माझंही झालं! मग कॉफी आणि केकचा एक तुकडा. त्यांच्या संडासाच्या दारामागे वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. बऱ्याच घरांत ते तिथेच असतं, रोज नजर पडते आणि कुणी विसरलं जात नाही.

दुपारचं जेवण म्हणजे पाव, चीज आणि ताक. हो, ताक! कार्नमेल्क नावाने दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळतं. आपल्यापेक्षा दाट, चांगलं आंबट, बिनमिठाचं. शाळेतली मुलं पावावर लोणी लावून वर चॉकलेटचा चुरा भुरभुरवतात आणि मोठी माणसंही तेच खातात. गरम जेवण एकदाच, संध्याकाळी. ताई त्याच कार्नमेल्कची कढी करते आणि ती फर्मास होते.

परतण्याआधी भाऊजींनी गाडी काढली आणि आम्ही झीलँडला गेलो. 31 जानेवारी 1953 च्या रात्री उधाणाची भरती आणि वादळ एकत्र आले, दक्षिण-पश्चिमेचे बांध फुटले आणि देशात 1,836 माणसं गेली. त्यानंतर एकेक खाडीमुख बंद करत नेलं. पूर्व स्खेल्डच्या मुखावरही कायमची भिंत घालायची ठरली होती. पण भिंत घातली तर भरती-ओहोटी थांबेल, खारं पाणी गोडं होईल, शिंपल्यांचा धंदा बुडेल, पक्षी जातील, म्हणून मच्छीमार आणि निसर्गप्रेमी एकत्र उभे राहिले. पुन्हा बोलणी, पुन्हा आराखडे, खर्चही पुष्कळ वाढला. शेवटी 62 पोलादी दारांचा अडथळा बांधला. 1986 साली तो सुरू झाला. एरवी दारं उघडी, समुद्र येतो-जातो. पाणी तीन मीटरच्या वर चढण्याचा अंदाज आला तरच ती खाली येतात. मी त्यावर उभी राहिले तेव्हा भरतीचं पाणी दारांखालून पांढऱ्या फेसाने आत धावत होतं. उघाडी म्हणतात ती हीच, फक्त कित्येक किलोमीटर लांब.

तिथून यर्सेके. हे गाव शिंपल्यांवर जगतं. आमच्याकडचे शिनाणे हिरवट, हे काळे. कांदा, गाजर, सेलरी घालून नुसत्या वाफेवर शिजवून झाकणासकट हंडी टेबलावर आणतात. खोबरं नाही, मसाला नाही. रिकाम्या शिंपेचा चिमटा करून पुढच्या शिंपेतला गर ओढून काढायचा, हे भाचीने मला शिकवलं. रस्सा खारट-गोड. खानावळीतल्या बाईंना मी विचारलं, समुद्राची दारं खरंच बंद होतात का? म्हणाल्या, वादळात होतात, पण वादळ सरलं की लगेच उघडायला लागतात, नाहीतर तुमच्या हंडीत काय घालू?

आम्ही दुसरी हंडी मागवली.