पाठीमागची जागा

त्या मैफलीतलं मला सगळ्यांत लख्ख काय आठवत असेल, तर बुवांच्या झब्ब्याच्या कॉलरला राहिलेली लाँड्रीची चिठ्ठी. बोटभर पिवळा कागद, पिन मारलेला, त्यावर काळ्या शाईत नंबर: ४१७. बुवा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले की ती डोलायची, तानेत थरथरायची. समोर बसलेल्या दोन-अडीचशे माणसांना तिचा पत्ता नव्हता. ती दिसत होती फक्त आम्हा दोघांना, कारण आम्ही तंबोऱ्यावर होतो.

मी तेव्हा मिरजेत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि बाईंकडे गाणं शिकत होते. गणपतीतला कार्यक्रम. आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, "उद्या बुवांच्या मागे तू आणि माझा मुलगा बसा. जेवून ये, पण पोटभर नको. आणि एक सांगते, गाणं ऐकत बसू नकोस. गाण्यात रमलीस की हात थांबलाच म्हणून समज."

सगळ्यांत जवळ बसायचं आणि ऐकायचं नाही. मला हा अन्याय वाटला होता.

मिरजेच्या माणसाला तंबोऱ्याचं तसं अप्रूप नसतं. सितारमेकरांच्या गल्लीतून जाताना पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भलेथोरले भोपळे उन्हात एकावर एक रचलेले दिसायचे आणि लहानपणी मला वाटायचं, एवढ्या भोपळ्याची भाजी खातं कोण. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दर वर्षी गाणं होतं. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण दुकानात टांगलेला तंबोरा वेगळा आणि मांडीशी घेऊन तीन तास छेडायचा तंबोरा वेगळा, हे मला त्या रात्री कळलं.

बुवा तासभर आधी आले. चहा नको म्हणाले, कोमट पाणी मागितलं आणि तंबोऱ्याची गवसणी उतरवली. आकाशाला घालतात ती हीच गवसणी. इथे ती मळखाऊ रंगाची, जाड कापडाची असते आणि तिची नाडी हमखास गाठ पडलेली असते. बाहेर पावसाची रिपरिप होती, हवा ओली, त्यामुळे तारा जागेवर राहीनात. आधी खुंटी पिळायची, मग घोडीखालचे मणी सरकवून बारीक जुळवायचं, मग प्रत्येक तारेखालचा सुती दोरा घोडीवर मागेपुढे करत जवारी शोधायची. दोरा नेमक्या जागी आला की मघापर्यंत 'टण्' म्हणणारी तार एकदम गुंजायला लागते, जणू मधमाश्यांचं पोळं जागं झालं. चारही तारा लागल्या. बुवा थांबले आणि मला म्हणाले, "बाळ, खर्ज छेड, ती शेवटची जाड तार. गांधार ऐकू येतो का बघ."

गांधाराची, म्हणजे 'ग'ची, तारच नव्हती. पंचम म्हणजे 'प', दोन जोड म्हणजे 'सा', आणि खर्ज म्हणजे खालचा 'सा', एवढंच. मी छेडलं. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा खर्जाच्या पोटातून, लांबून कुणी हाक मारावी तसा, गांधार आला. मी मान वर केली तर बुवा हसत होते. "आला ना? झालं मग. गाणं झाल्यासारखंच आहे, आता फक्त गायचं."

अर्धा-पाऊण तास गेला होता आणि कार्यकर्ते घड्याळ बघून हैराण झाले होते.

तंबोरा छेडणं ही दिसायला जगातली सगळ्यांत सोपी गोष्ट आहे. मधल्या बोटाने पहिली तार, तर्जनीने उरलेल्या तीन, पुन्हा पहिली. एवढंच. अवघड इतकंच की तबला शेजारी वाजत असताना त्याच्या ठेक्यात जायचं नाही. बोट आपसूक एकतालाच्या मागे धावायला लागतं, त्याला ओढून परत आणायचं. आणि हलायचं नाही. पहिल्या ख्यालाच्या अंतऱ्यापर्यंत माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. द्रुत, म्हणजे जलद लयीतलं गाणं, सुरू झालं तेव्हा तो पाय माझा राहिलाच नव्हता.

बुवांचा चेहरा मला तीन तासांत चार वेळा दिसला असेल. पाठ मात्र पाठ झाली. वरचा षड्ज घ्यायच्या आधी त्यांचा उजवा खांदा किंचित खाली जायचा. स्वर लागला की कानाची पाळी लाल व्हायची. लोक 'वा' म्हणायचे ते आवाज ऐकून; मला खांद्यावरून आधीच कळायचं, आता येतोय.

समोर काय, तर सगळे श्रोते. आपण श्रोत्यांत बसतो तेव्हा श्रोते दिसत नाहीत, डोकी दिसतात. इथून तोंडं दिसत होती. पहिल्या रांगेतले एक आजोबा मांडीवर बोटं मोजत सम पकडत होते आणि दर वेळी दीड मात्रा आधी दाद देत होते. एक गृहस्थ गाढ झोपलेले, पण तिहाई संपताना बरोबर जागे होऊन "क्या बात है!" म्हणून पुन्हा डोळे मिटणार. एक बाई शेजारणीच्या कानात सलग अर्धा तास काहीतरी सांगत होत्या. ते काय असेल याची उत्सुकता मला आजही आहे. मध्येच फर्माईशीची चिठ्ठी हातोहात पुढे आली: अभंग म्हणा. विलंबित बिहागाच्या ऐन आलापीत! बुवांनी ती न वाचता पेटीखाली सरकवली.

आदल्याच डिसेंबरात मी पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊन आले होते. तेव्हा तो महोत्सव रमणबागेत रात्ररात्र चालायचा. सतरंजी, थर्मास, मफलर, पुढच्या माणसाच्या कानटोपीचा गोंडा आणि त्याच्याही पलीकडे तांदळाच्या दाण्याएवढे गायक. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या पहिल्या पुण्यतिथीला सुरू केलेला हा उत्सव, आणि रविवारी सकाळी शेवटी तेच गायचे. नंतर गुरूंची, सवाई गंधर्वांची भैरवीतली ध्वनिमुद्रिका वाजायची. चपला हातात घेऊन निघालेले लोक तसेच उभे राहिलेले मी पाहिले. ते विसरणं शक्य नाही. पण खरं सांगू? त्या रात्री कोण काय गायलं याची यादी करायला बसले तर निम्मे राग गळतात. पुढे ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची वेस पडली, २०१८ पासून जागाही बदलून मुकुंदनगरला गेली, आणि मध्यरात्रीचा राग मध्यरात्री समोर बसून ऐकणं हा प्रकारच दुर्मीळ झाला. याची हळहळ मला वाटते, पण इलाजही सुचत नाही. शेजारच्या बिल्डिंगमध्ये परीक्षेची पोरं असतात.

तर मध्यंतरानंतर मालकंस. मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमावर उतरवली. उतरवलेली तार ठिकाणी बसायला वेळ घेते. दहा मिनिटांनी मला वाटलं, ती सूतभर चढलीये. बघायची सोय नाही, थांबायची सोय नाही, सांगायचं कुणाला? मी छेडत राहिले, हाताला घाम. बुवा तेव्हा मंद्रात, खालच्या सप्तकात, होते, डोळे मिटलेले. गाणं न थांबवता, मान न वळवता, त्यांचा डावा हात मागे आला, माझ्या तंबोऱ्याच्या बुडाशी चाचपडला, मणी सापडला आणि बाजरीच्या दाण्याएवढा सरकला. हात पुन्हा पुढे गेला. मंद्र मध्यमावर ते थांबले आणि ती तार त्यांच्या आवाजात अशी काही मिसळली की मला दोन्ही वेगळे ऐकूच येईनात.

बाईंनी बजावलं होतं ते मी त्या क्षणी विसरले. हात थांबला नाही, हे नशीब.

भैरवी झाली. टाळ्या, नारळ, शाल. सगळे उठले, मी बसूनच. डावा पाय टेकवला की गुडघ्यापर्यंत सुया. बाईंच्या मुलाने काखेत हात घालून उभं केलं, तशी मी लंगडत बुवांच्या पाया पडायला गेले. वाकल्यावर धीर झाला नाही, पण उठताना म्हटलं, "बुवा, कॉलरला काहीतरी राहिलंय."

त्यांनी मानेमागे हात नेला, कागद तोडला, चश्मा कपाळावरून खाली घेतला आणि नंबर नीट वाचला.

"४१७," ते म्हणाले. "आणि ही फर्माईश तू सबंध मैफल दाबून ठेवलीस होय गं?"